ऐकूं येतें, पण कळत नाहीं

गेल्या अंकांत आम्हीं पावसाळ्यांत पोथ्या व जुनीं पुस्तकें कशीं जपावीं याविषयीं चार शब्द लिहिले होते. त्यावर कांहीं वाचकांनीं अगत्यानें पत्रें पाठविलीं. त्यांतील एका गृहस्थांनीं विचारलें आहे कीं, पुस्तकांप्रमाणें घरांतील गाण्याच्या यंत्राचीहि कांहीं निगा सांगतां येईल काय? नवें घेण्याची ऐपत नाहीं आणि जुनें ऐकवत नाहीं, अशी त्यांची अडचण आहे. हें पत्र आलें तेव्हां आमच्याच घरीं या विषयावर दोन महिने खल चालला होता. सबब या वेळीं आमच्या घरचीच हकीकत वाचकांपुढें ठेवितों. हकीकत घरगुती आहे. परंतु तिच्यांत थोडें शास्त्र आहे, थोडा हिशेब आहे, आणि एका वृद्ध मनुष्याच्या सुखाचा प्रश्नहि आहे.

आमचें कुटुंब एकत्र. आमचे वडीलबंधु, ज्यांस घरांतील लहानथोर सर्वच दादा म्हणतात, ते आतां एकोणऐंशी वर्षांचे आहेत. पुण्याच्या पेठेंतील आमचा जुना वाडा कांहीं वर्षांमागें उतरविण्यांत आला व त्याच जागीं उठलेल्या इमारतींत गेल्या वर्षीं आम्ही राहावयास आलों. वाड्यांत असतांना दादांचा एक नेम होता. सायंकाळीं संध्या आटोपली कीं माजघरांतल्या झोपाळ्यावर बसावें आणि तासभर गाणें ऐकावें. चाळीस वर्षांपूर्वीं घेतलेले लांकडी पेटीचे दोन स्पीकर, एक अँप्लिफायर आणि तबकड्यांचें यंत्र हा त्यांचा संसार. पुढें कॅसेटी आल्या, मग मोबाइलवरून गाणें लावण्याची सोय झाली. पण स्पीकर तेच राहिले. मुलें अभ्यास सोडून तेथें येऊन बसत, सुना भाजी निवडीत ऐकत, आणि दादा मध्येंच एक बोट वर करून म्हणत, "ही जागा ऐका." आमच्या घरांत कोणाला गाण्याचें शिक्षण मिळालें असेल तर तें या एका बोटानें.

नव्या घरांत दिवाणखाना प्रशस्त मिळाला. जमिनीस चकचकीत लाद्या, भिंती आरशासारख्या गुळगुळीत, एका अंगास भिंतभर कांच. स्पीकर कांचेच्या शोकेसवर, छताखालीं, दोन कोपऱ्यांत बसविले. कारण तेथें ते कोणाच्या पायांत येत नव्हते. पहिल्या सायंकाळीं गाणें लागलें आणि दादांच्या कपाळाला आठी पडली. दुसऱ्या दिवशीं आवाज वाढविला. आठवड्यानें आणखी वाढविला. दोन महिन्यांनीं दादा दिवाणखान्यांत येईनासे झाले. आम्हीं विचारलें तेव्हां ते एवढेंच म्हणाले, "अरे, ऐकूं येतं, पण कळत नाहीं. तुम्ही ऐका." मग मुलांनींहि कानांत घालावयाचीं आपआपलीं यंत्रें काढलीं व जो तो आपल्या खोलींत आपलें गाणें ऐकूं लागला. घरांत गाणें पूर्वीपेक्षां अधिक वाजूं लागलें, आणि एकत्र ऐकणें मात्र संपलें.

आमच्या पुतण्यानें या दुखण्याचें निदान दोन वाक्यांत केलें: दादांचे कान गेले आणि स्पीकर जुने झाले. पहिल्यास उपाय नाहीं, दुसऱ्यास आहे. त्यानें दुकानांतून नव्या संचाचा अंदाज आणला. रुपये बाहत्तर हजार! मुलगा पितृभक्त, त्याचा हेतु उत्तम. परंतु त्याच महिन्यांत धाकट्या नातीच्या कॉलेजाची फी भरावयाची होती, आणि थोरल्या सूनबाईंनीं कांहीं न बोलतां खर्चाची वही मिटली, तें आम्हीं पाहिलें. आम्ही म्हणालों, "एक महिना थांबा. तोंपर्यंत आम्हांस पाहूं द्या." शाळामास्तरकी सुटली तरी संवय सुटत नाहीं, उदाहरण चुकलें कीं उत्तर पुसण्यापूर्वीं रीत तपासावी, हें आम्हीं पस्तीस वर्षें मुलांस शिकविलें.

रीत तपासतां एक गोष्ट ताबडतोब ध्यानांत आली. दादांच्या निजावयाच्या खोलींत एक लहान ट्रान्झिस्टर आहे. त्यावर ते रात्रीं आकाशवाणी ऐकतात, आणि तेंहि इतक्या मंद आवाजांत कीं दाराबाहेर ऐकूं येत नाहीं. खोली लहान, एका भिंतीस घडवंचीवर गाद्या व रजया रचलेल्या, दुसरीस पुस्तकांचीं फडताळें, दाराला जुना जाड पडदा. आतां विचार करा. जो मनुष्य अडगळीच्या खोलींत मंद आवाजांतला शब्द न् शब्द समजतो, त्यालाच दिवाणखान्यांत दसपट मोठा आवाज समजत नाहीं. तर दोष केवळ कानाचा कसा? आणि केवळ स्पीकरांचा तरी कसा? तेच स्पीकर वाड्यांत गोड वाजत होते. बदललें काय, तर घर. म्हणून चौकशी घराचीच करावयास पाहिजे होती.

ध्वनि पसरतो कसा, याविषयीं आपल्या नैयायिकांनीं दोन दृष्टांत योजिले आहेत: एक वीचितरंगन्याय व दुसरा कदंबगोलकन्याय. पाण्यांत खडा टाकला असतां लाटेमागून लाट उठत जाते, किंवा कदंबाचें फूल जसें एकाच वेळीं सर्व बाजूंनीं फुलतें, तसा शब्द मूळ स्थानापासून सर्व दिशांस जातो. दृष्टांत जुने असले तरी आमच्या कामास पुरेसे आहेत. वाड्याच्या चौकांतील दगडी हौद आठवा. त्यांत खडा टाकला कीं लाट कांठावर आपटून परत येई, पलीकडच्या कांठास जाई, पुन्हा परतें. आणि सारें पाणी खळबळून पहिली लाट कोणती हें ओळखतां येत नसे. तोच खडा ओढ्याच्या गवताळ कांठाशीं टाकला तर लाट गवतांत शिरून जिरते. चकचकीत लाद्या, कांच व गिलावा हे दगडी कांठ होत. गादी, पडदा, गोधडी, पुस्तकें आणि बसलेलीं माणसें हें गवत होय. साध्या उष्णमानांत ध्वनि सेकंदाला सुमारें ३४३ मीटर जातो. पांच मीटरांच्या दिवाणखान्यांत तो एका सेकंदांत साठाहून अधिक वेळां भिंतीवर आपटतो. प्रत्येक आपटीस शेंकडा तीनच भाग जिरला तर गवयाची एक तान संपण्यापूर्वीं तिच्या मागील सगळे स्वर खोलींत हिंडत असतात. विजापूरच्या गोल घुमटांत ज्यांनीं एक टाळी वाजवून पाहिली आहे त्यांस हें निराळें सांगावयास नको. तेथें तें कौतुक. घरांत तीच कटकट.

या रेंगाळणाऱ्या नादास आम्ही अनुरणन म्हणूं. शब्द आमचा नव्हे. शार्ङ्गदेवानें संगीतरत्नाकरांत स्वराचें लक्षण सांगतांना हाच शब्द योजिला आहे. त्यावरून हेंहि समजावें कीं अनुरणन सर्वथा वाईट नाहीं. तें मुळींच नसेल तर गाणें कोरडें लागतें. अति झालें तर स्वरावर स्वर चढतो. भरतमुनींनाहि ही गोष्ट ठाऊक होती. नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायांत त्यांनीं मध्यम प्रेक्षागृह चौसष्ट हात लांब व बत्तीस हात रुंद सांगितलें आहे, आणि याहून मोठें केल्यास नटाचें भाषण अस्पष्ट होतें असें कारणहि दिलें आहे.

याचें मोजमाप मात्र अलीकडचें. अमेरिकेंत हार्वर्ड विद्यापीठांत वॉलेस सॅबाइन नांवाचे पदार्थविज्ञानाचे एक तरुण अध्यापक होते. तेथील फॉग संग्रहालयाच्या नव्या व्याख्यानगृहांत वक्त्याचें एक अक्षर समजत नसे. तोंडांतून निघालेला शब्द पांच सेकंदांहून अधिक काळ घुमत राही. सन १८९५ मध्यें तें सुधारण्याचें काम त्यांच्या गळ्यांत पडलें. त्यांनीं काय करावें? जवळच्या सँडर्स नाट्यगृहांतील बैठकींच्या गाद्या रात्रीं मागून आणाव्या, व्याख्यानगृहांत थोड्या थोड्या पसराव्या, ऑर्गनची एक नळी वाजवून थांबवावी, आणि नाद किती वेळानें विरतो तें घड्याळ लावून मोजावें. काम रात्रीं करावयाचें, कारण दिवसा रस्त्याचा गलबला. आणि सकाळीं गाद्या परत नेऊन ठेवावयाच्या. या खटाटोपांतून त्यांना जो नियम सांपडला त्यावर बोस्टनचें सिंफनी हॉल बांधलें गेलें व तें सन १९०० मध्यें उघडलें. गाद्यांच्या मापानें शास्त्र निघालें, ही गोष्ट आपल्यासारख्या गादीतक्क्यांच्या संसारी लोकांनीं लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

नियम सोपा आहे. खोलीचें घनफळ घनमीटरांत घ्यावें, त्यास ०.१६ नें गुणावें, आणि खोलींतील एकंदर शोषणानें भागावें. उत्तर सेकंदांत येतें. शोषणाचें माप असें: एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे एक, कारण तींतून गेलेला ध्वनि परत येत नाहीं. लादी, गिलावा व कांच यांचें मोल दर चौरस मीटरास सुमारें ०.०३, चुण्यांच्या जाड पडद्याचें अर्ध्याच्या आसपास, जाड कापसाच्या गादीचें त्याहून थोडें अधिक, बसलेला एक मनुष्य म्हणजे सुमारें ०.४५. लहान खोलींत हा हिशेब काटेकोर उतरत नाहीं. पण व्यवहाराला पुरतो.

आमचा दिवाणखाना पांच मीटर लांब, साडेतीन रुंद व तीन उंच. घनफळ साडेबावन्न, त्याचे ०.१६ पट म्हणजे ८.४. भिंती, छत व जमीन मिळून शहाऐंशी चौरस मीटर, त्यांचें शोषण अडीचच्या आंतबाहेर. एक उघडें दार दोन. बेताच्या खुर्च्या व दिवाण मिळून दीड. एकूण सहा. ८.४ भागिले ६ म्हणजे १.४ सेकंद. घरगुती बैठकीस अर्धा सेकंद किंवा त्याहून थोडें कमी असावें. म्हणजे आम्हांस शोषण सहावरून अठरांवर न्यावयाचें होतें. बाहत्तर हजारांचे स्पीकर आणले असते तरी हा सहाचा आंकडा सहाच राहिला असता. हें गणित आम्हीं पुतण्याला कागदावर मांडून दाखविलें तेव्हां तो म्हणाला, "काका, मग वाड्यांत कोणी गणित केलं होतं?" कोणीच नाहीं. पण तेथें भिंती मातीच्या गिलाव्याच्या, त्यांत कोनाडे व फडताळें, खुंट्यांवर धोतरें व लुगडीं, वरतीं लांकडी तक्तपोशी, जमिनीवर सदाचीच बैठक. नाद आपटावयाचा कोठें?

आतां उपाय, आणि तेहि ज्या क्रमानें केले त्याच क्रमानें. क्रमास महत्त्व आहे. कारण पहिल्या दोन उपायांस जवळजवळ पैसा लागत नाहीं.

प्रथम तारा पाहाव्या. प्रत्येक स्पीकराच्या पाठीमागें एक तांबडी व एक काळी खूण असते, तशाच अँप्लिफायरवरहि असतात. तांबडीस तांबडी व काळीस काळी अशी दोहोंकडे सारखी जोडणी पाहिजे. एकाकडे ती उलट झाली तर एक पडदा पुढें येतो तेव्हां दुसरा मागें जातो, आणि खर्जाचे स्वर एकमेकांस खाऊन टाकतात. याची परीक्षा जुन्या गाण्यावर उत्तम होते. दोन मार्गांच्या ध्वनिलेखनाची कल्पना आलन ब्लमलीन या इंग्रज अभियंत्यानें सन १९३१ मध्यें पेटंटासाठीं मांडली, परंतु तशा तबकड्या बाजारांत आल्या त्या १९५८ पासून. म्हणून बालगंधर्व किंवा अब्दुल करीमखां यांच्या जुन्या तबकड्या एकमार्गी आहेत. अशी एक तबकडी लावून दोन्ही स्पीकरांच्या बरोबर समोर, मध्यावर बसावें. गायक मधोमध, जणूं समोर बसून गात आहे असें वाटलें पाहिजे. तो एका बाजूस सरकला तर मांडणी वांकडी आहे. तो कोठेंच नसेल आणि आवाज डोक्याभोंवतीं पसरल्यासारखा व पोकळ वाटेल, तर तारा उलट आहेत असें समजावें. आमच्या तारा उलट होत्या. वाडा सोडण्याच्या घाईंत त्या आम्हींच जोडल्या होत्या. दोष द्यावयास दुसरें कोणी नव्हतें.

दुसरी गोष्ट स्पीकरांची जागा. कोपरा म्हणजे तीन पृष्ठभागांची बेचकी. तेथें ठेवलेला स्पीकर खर्ज फुगवून सांगतो. छताजवळ ठेवला तर बारीक स्वर डोक्यावरून निघून जातात, कारण ते दिव्याच्या झोताप्रमाणें सरळ जातात. स्पीकरांतील लहान भोंगा, ज्यास ट्वीटर म्हणतात, तो बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीस असावा. दोन स्पीकर व ऐकणारा मिळून समभुज त्रिकोण व्हावा, आणि स्पीकर मागच्या भिंतीपासून निदान दोन फूट पुढें असावे. आमच्याकडे बैठक जमिनीवर, म्हणून कानाची उंची पाऊण मीटर. एक फूट उंचीच्या चौरंगावर स्पीकर ठेवला कीं माप बरोबर जुळत होतें. आम्हीं देवघरांतील दोन चौरंग उचलले मात्र, सौभाग्यवती दारांत उभ्या! "सत्यनारायणाचे चौरंग गाण्याच्या डब्यांखालीं घालणार? अगोदर दुसरे करून आणा." आम्हीं सुताराकडून साधे दोन करून घेतले व खालीं रबराचे तुकडे लावले.

येथें एक गंमत सांगावी लागते. तारा सुधारल्या, स्पीकर खालीं आले, गवई मधोमध आला. आणि डग्गा असा घुमूं लागला कीं शेजारच्या खोलींतलें तांब्याभांडें थरथरावें. एक दुखणें बरें झालें तोंच त्याखालीं दडलेलें दुसरें उघडें पडलें. याचें कारण खोलीचीं मापें. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्यें लाट बरोबर बसली कीं तो स्वर फुगतो. ३४३ ला भिंतींतील अंतराच्या दुपटीनें भागावें. आमच्या खोलीस चौतीस, एकोणपन्नास व सत्तावन्न हे आंकडे येतात, आणि मग त्यांच्या दुपटी अडुसष्ट, अठ्ठ्याण्णव, एकशें चौदा. सेकंदाला इतकीं कंपनें असलेले स्वर म्हणजे नेमका डग्ग्याचा प्रांत. ज्या खोलीची लांबी, रुंदी व उंची सारखी तेथें तर हे आंकडे एकावर एक पडून फारच त्रास होतो. पातळ पडद्यानें हें जात नाहीं. शंभर कंपनांची लाट साडेतीन मीटर लांब असते. तिला चार बोटांचें कापड काय अडविणार? त्याला जाडी पाहिजे, आणि ती कोपऱ्यांत पाहिजे. आम्हीं दादांच्या खोलींतली घडवंची गाद्यांसकट दिवाणखान्याच्या एका कोपऱ्यांत आणली, दुसऱ्या कोपऱ्यांत गाद्यांच्या दोन जाड वळकट्या उभ्या करून वर खण शिवला, आणि ऐकण्याची बैठक मागच्या भिंतीपासून मीटरभर पुढें ओढली. घुमणें नाहींसें झालें नाहीं. पण बोल निराळे ऐकूं येऊं लागले.

तिसरा उपाय मुलांच्या आवडीचा. ऐकणाऱ्यानें आपल्या जागीं बसावें, आणि दुसऱ्यानें बाजूच्या भिंतीला एक आरसा टेंकवून कानाच्या उंचीवरून हळूहळू सरकवीत न्यावा. ज्या ठिकाणीं आरशांत स्पीकर दिसेल, त्याच ठिकाणाहून त्याचा पहिला प्रतिध्वनि येतो; कारण प्रकाश व ध्वनि यांचा परतण्याचा नियम एकच. नातवंडांनीं खडूनें खुणा केल्या, आणि त्या खुणांवर सौभाग्यवतींच्या हातच्या दोन जुन्या गोधड्या, भिंतीपासून चार बोटें सोडून, टांगल्या. ज्या गोधड्या पेटींत कुजत होत्या त्यांस भिंतीवर मान मिळाला. समोरच्या कांचेला, जुन्या पडद्यांस आंतून कांबळीं लावून, चुण्यांचे जाड पडदे केले. जमिनीवर सतरंजी व वर पिंजून भरलेल्या दोन गाद्यांची बैठक घातली. पुस्तकांचें एक फडताळ मागच्या भिंतीस आणलें. पुस्तकें लहानमोठीं, पुढेंमागें असलीं तर अधिक चांगलें. तीं नाद कांहीं जिरवितात व कांहीं विखुरतात. सर्व मांडून पुन्हा हिशेब केला: अठरा. टाळी वाजविली तर पूर्वीं जो टणत्कार भिंतीभिंतींतून धांवे तो गेला.

न करण्याच्या गोष्टीहि सांगावयास हव्या. एका नातवानें अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे भिंतीस लावावे असें सुचविलें होतें. आमच्या घरांत ते कोठून आणावयाचे हा प्रश्न वेगळा; परंतु त्यांचा उपयोगहि नाममात्र आहे, आणि आग लागण्याचें भय मोठें. थर्मोकोलचे तक्ते तर ध्वनि मुळींच शोषीत नाहींत म्हटलें तरी चालेल. पातळ फोमचे चौकोन फक्त बारीक स्वर खातात व घुमणें तसेंच ठेवतात. आणि या सर्व उपायांनीं आवाज शेजाऱ्यांकडे जावयाचा थांबतो असें कोणीं समजूं नये. त्यास जड भिंतच लागते. रात्रीं दहानंतर आवाज हळू करणें हाच त्यावर उपाय, व तो शोभणाराहि आहे.

आतां स्पीकरांकडे वळूं. पडद्याच्या कडेस फोमची एक मऊ पट्टी असते. आपल्या दमट हवेंत ती वर्षानुवर्षें कुजते व बोट लावतांच तिचा भुगा होतो. लोक अशा वेळीं सबंध स्पीकर टाकून देतात. परंतु कोन व गुंडाळी शाबूत असेल तर दुरुस्तीवाला नवी पट्टी बसवून देतो व तोच स्पीकर पुन्हा कामास येतो. आमच्या दोन्ही स्पीकरांस एवढेंच करावें लागलें. तारेविषयीं बाजारांत फार मोठमोठे दावे करतात. चारपांच मीटर अंतरास दीड चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची तार पुरे. तिचा अडथळा स्पीकराच्या आठ ओहमांपुढें नगण्य आहे.

ज्यांस नवें घेणें भागच आहे त्यांनीं पैसा प्रथम स्पीकरांवर घालावा, मग अँप्लिफायरवर. खोक्यावरील "पीएमपीओ" नामक हजारोंच्या आंकड्यास भुलूं नये. त्यास कांहीं अर्थ नाहीं. "आरएमएस" वॅट विचारावे. शिवाय दुप्पट वॅट म्हणजे दुप्पट आवाज नव्हे. कानाला दुप्पट वाटावयास सुमारें दसपट शक्ति लागते. म्हणून स्पीकराची संवेदनशीलता पाहावी. तींत तीन डेसिबल अधिक असले तर अर्ध्या शक्तींत तेवढेंच काम होतें. आणि दुकानांत जातांना आपल्या परिचयाचें एखादें गाणें, ज्यांतली जागा न् जागा ठाऊक आहे असें, बरोबर न्यावें. दुकानदाराचें गाणें त्याच्या स्पीकरावर नेहमीच चांगलें वाजतें.

आमचा खर्च असा झाला: चौरंग १८०० रुपये, स्पीकरांची दुरुस्ती १६००, तार ६००, पडदे ३२००, गाद्या पिंजून भरणें २४००. एकूण नऊ हजार सहाशें. सूनबाईंनीं वही उघडून तो आंकडा स्वतः लिहिला.

एक गोष्ट प्रांजळपणें सांगितली पाहिजे. घर सुधारलें म्हणून दादांचे कान तरुण झाले नाहींत. आम्हीं त्यांस कानाच्या डॉक्टरांकडे नेलें. वयपरत्वें बारीक स्वर ऐकण्याची शक्ति कमी झाली आहे असें निघालें, व कानाचें यंत्र सुचविलें गेलें. पूर्वीं ते यंत्रास तयार नव्हते. तें बरेंच झालें असें आतां वाटतें. घुमणाऱ्या दिवाणखान्यांत यंत्रानें शब्दाबरोबर घुमणेंहि मोठें केलें असतें आणि त्यांनीं तें दोन दिवसांत पेटींत टाकलें असतें. ज्यांच्या घरीं असें यंत्र पडून असेल त्यांनीं एकदां खोलीकडेहि पाहावें. वृद्ध मनुष्य "मला कळत नाहीं" म्हणतो तेव्हां आपण मोठ्यानें ओरडतों. त्याला हवें असतें तें स्पष्ट बोलणें आणि शांत जागा. आवाज वाढविणें सोपें असतें, म्हणून आपण तें आधीं करतों. आम्हींहि दोन महिने तेंच केलें, आणि आमचा भाऊ एकटा पडला, हें लिहितांना आम्हांस संकोच वाटतो.

पडदे लागले त्या सायंकाळीं दादांस कोणी बोलाविलें नाहीं. पुतण्यानें गाणें पूर्वींच्या संवयीनें मोठ्यानेंच लावलें. थोड्या वेळानें दादा दारांत येऊन उभे राहिले, मग बैठकीवर येऊन बसले. नात कानांतलें यंत्र काढून त्यांच्या शेजारीं बसली. पांचेक मिनिटें गेलीं आणि दादा म्हणाले, "जरा हळू कर रे. एवढा मोठा कशाला?"

आवाज कमी झाला. दादांनीं बोट वर केलें.

असो. ज्या गृहस्थांनीं पत्र लिहिलें त्यांस आमचें सांगणें इतकेंच कीं, बाजारांत जाण्यापूर्वीं एक रविवार घरांत घालवा: तारा पाहा, स्पीकर कोपऱ्यांतून काढा, एक आरसा व दोन गोधड्या घ्या, आणि घरांतील सर्वांत वडील मनुष्यास मध्यें बसवून विचारा कीं कळतें काय. पुढील अंकीं, अनेक भगिनींच्या सूचनेवरून, उन्हाळ्यांत माठाचें पाणी गार कां होतें व तो कसा निवडावा, याचा विचार करूं.